सासरेबुवा ब्रेकचा भाव करतात

ब्रेक दाबला की आमची गाडी मानगूट धरल्यासारखी किंचाळायची, म्हणून मी ती गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवालीने पुढची चाकं काढून पाहिली, ब्रेकचे पॅड झिजलेत आणि ते ज्या डिस्कवर दाबतात तिला चर पडलेत म्हणाली, आणि दोन्ही बदलायचा खर्च सांगितला. जवळजवळ माझा अर्धा पगार. मी "बघतो" म्हणालो आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. बायकोने तिच्या वडिलांना सांगितलं. तिथे माझ्या हातातून प्रकरण गेलं.

निवृत्त झाल्यापासून सासरेबुवा जगाला लुटीपासून वाचवतात. प्लंबर, चष्मेवाला, दातांचा डॉक्टर, कुणी सुटलेलं नाही. "जावईबापू, तुमचं तोंड बघूनच लोक भाव वाढवतात," असं म्हणत ते दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले.

आधी आम्ही दुसऱ्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या माणसाने चाकाकडे न बघताच निम्मा भाव सांगितला. मुलगी कुणाच्या गळ्यात बांधली, अशा नजरेने सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"यात डिस्क आल्या का?" मी विचारलं.

"डिस्क कशाला? नुसते पॅड बदलतो."

"पण डिस्कला चर पडलेत म्हणे."

"मग हळू चालवा."

"आणि गॅरंटी?"

तो हसला. बराच वेळ हसला.

मग सासऱ्यांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिकडचा आकडा ऐकून ते खुर्ची शोधू लागले. "हे तर दरोडेखोर," ते म्हणाले. "चला त्या बाईकडे. तिची चोरी त्यातल्या त्यात घरगुती आहे."

गॅरेजवालीने चाक पुन्हा काढून जुने पॅड हातात दिले. नखाएवढेही उरले नव्हते. सासऱ्यांनी स्टूल ओढून उलटतपासणी मांडली. पॅड कुठले, डिस्क केवढ्याच्या, मजुरी किती. ती हात पुसत सगळ्याची उत्तरं देत होती.

"गाडी काही एवढी जुनी नाही," ते शेवटी म्हणाले. "मग डिस्क इतक्यात गेल्याच कशा?"

"मलाही तेच कळेना," ती म्हणाली. "ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय रिकामा असतो ना. काही लोक तो ब्रेकवरच टेकवून बसतात. गाडी पळतेय आणि ब्रेकही लागलाय. घरात असं चालवणारं कुणी आहे का?"

मी जमिनीवरचं ऑइल बघत राहिलो. दर रविवारी सासरेबुवा आमची गाडी घेऊन पत्ते खेळायला जातात. गल्लीच्या टोकापर्यंत मागचे लाल दिवे विझत नाहीत, हे मी गॅलरीतून पाहिलं होतं. मला वाटायचं, वायरिंग बिघडलंय.

सासऱ्यांनी डावा पाय हळूच स्टुलाखाली ओढला.

"भाव योग्य आहे," ते म्हणाले.

"अहो, मजुरीत मी थोडं कमी..."

"योग्य आहे म्हटलं ना. जावईबापू, बाईंचा वेळ कशाला खाताय?"

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या खिशात काही नोटा कोंबल्या आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "घरी सांगा, रस्ते खराब आहेत."

मी तसंच सांगितलं. बायकोला ते पटलं नाही, पण तिने विषय वाढवला नाही.

रविवारी त्यांनी किल्ली मागितली नाही. मीच त्यांना पत्त्यांच्या अड्ड्यावर सोडायला निघालो. शेजारी बसून ते वाटभर मला एकच सांगत होते, "ब्रेक दाबा. अहो, ब्रेक दाबा."