आठवी माळ

लाइन आळीतल्या त्या घरात नवरात्राची रोजची माळ धाकट्या सुनेनं बांधायची रीत होती. घटावर टांगलेल्या लाकडी चौकटीला, मांडवीला, हात उंच करून. सुमतीनं लग्न झाल्यापासून ते व्रतच मानलं होतं. उपास एक वेळ चुकला असता, माळ नाही.

गेल्या नवरात्रात मात्र गाठ मारता मारता तिचा उजवा हात मेल्यासारखा झाला. बोटं उघडली, माळ सुटली ती नेमकी नंदादीपावर पडली आणि अखंड तेवणारा दिवा विझला.

थोरली जाऊ विनिता मागेच उभी होती. "देवीनंच हात धरला गं तुझा," ती म्हणाली. "व्रतात काय खोट राहिली, ते तुझं तुला ठाऊक."

संध्याकाळपर्यंत ते वाक्य आळीभर झालं. सासूबाईंनी माळ विनिताच्या हाती दिली. सुमतीनं देवीला नमस्कार केला आणि मनात म्हटलं, आई, माझी माळ मला परत दे. आणि हे वाक्य वहिनींच्याच तोंडावर टाकायची एक वेळ आण.

दुखणं तसं जुनं. वेणी घालताना, दोरीवर कपडे टाकताना करंगळीत मुंग्या यायच्या. एका डॉक्टरांनी मानेवर ठपका ठेवून गळ्यात पट्टा बांधला, दुसऱ्यांनी मनगटावर. विनिता पट्ट्याकडे बघून म्हणायची, "दागिना शोभतो हो."

शेवटी नवऱ्यानं, कुमारनं, तिला तळोज्याच्या कारखान्यांतले कामगार तपासणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ते आधी नुसते तिचा तळवा बघत राहिले. "अंगठ्याखालचा उंचवटा बसलाय, कुणी पाहिलं नाही?" मग त्यांनी दोन्ही हात वर धरून मुठी उघडमीट करायला सांगितल्या. तीन मिनिटं करायचं होतं. सुमतीचा उजवा हात पहिल्या मिनिटातच मांडीवर पडला.

"असं घरी कधी होतं?"

"माळ बांधताना," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

एक्स-रेत मानेच्या तळाशी एक जादा बरगडी निघाली, जन्माचीच. हाताकडे जाणाऱ्या नसा तिथे दबत होत्या. मुंबईला नसांची विजेची तपासणी झाली, तिनंही तेच सांगितलं. आधी खांद्याचे, श्वासाचे व्यायाम झाले. पण हात झिजतच चालला, तेव्हा ऑपरेशन करून बरगडी काढली. मुंग्या गेल्या, पकड आली. अंगठ्याखालचा खळगा तेवढा राहिला.

यंदा अष्टमीला आळीतल्या बायका हळदीकुंकवाला जमल्या. विनिता माळ घेऊन उठली.

"वहिनी, जरा थांबता?" सुमती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "डॉक्टरांनी माझी परीक्षा कशी घेतली, ते सगळ्यांना दाखवते. हात वर धरायचे आणि मुठी उघडायच्या, मिटायच्या. तुम्ही पुढे या, देवीसमोर."

गंमत म्हणून साऱ्यांनी हात वर केले. शेजारच्या वेणूमावशींनी लगेच खाली टाकले. "मेलं, यापेक्षा पापड लाटलेले परवडले."

विनिताला मात्र टाकता येईनात. सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या. कपाळावर घाम आला, बांगड्या कोपराकडे घसरल्या. धडधाकट माणसाचेही हात यात भरून येतात, असं डॉक्टर म्हणाले होते. सुमतीनं ते कुणाला सांगितलं नाही. या दिवसासाठीच जपून ठेवलं होतं.

विनिताचे हात खाली आले.

"काय झालं, वहिनी?" सुमतीनं मायेनं विचारलं. "देवीनं हात धरला का?"

कुणी हसलं नाही. विनिताची मान खाली गेली. सासूबाईंनी तिच्या हातची माळ घेतली आणि सुमतीपुढे धरली. "घे. तुझी आहे."

"बांधते, आई. पण वहिनींना दिव्याला आडोसा धरू दे. व्रतात खोट नको."

विनिता वाकून, नंदादीपाभोवती तळवे धरून उभी राहिली. सुमतीनं हात वर केले. एक गाठ पुरली असती. तिनं एकेक फूल सरळ केलं, देवीचं नाव घेतलं. खाली ते तळवे थरथरू लागलेले तिला दिसत होते.

मग तिनं सावकाश दुसरी गाठ घ्यायला सुरुवात केली.