पिवळ्या चादरी

त्या सकाळी चादरी पिवळ्या निघाल्या. एक नाही, दोन नाही, भट्टीतून उपसली ती प्रत्येक. जुनाट दुखण्याचा असावा तसा रंग, आणि वास ओल्या लोखंडाचा.

आमच्या लॉन्ड्रीत सोडा घालायचं काम वहिनीचं, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोचं. हात भेगाळलेले, पण माप चोख. पत्र्याच्या मापावर ती पट्टी फिरवायची, कण वर राहू द्यायची नाही. मी शेजारच्या हौदावर पिळायला असते, रोज बघते.

मुकादमाने सगळ्यांना गोळा केलं आणि एकेक बोट मिटत तर्क मांडला. सोडा जास्त झाला की चादर पिवळी पडते. चादरी पिवळ्या पडल्या. म्हणजे सोडा जास्त झाला. तेव्हा वहिनीने उद्यापासून येऊ नये.

मी म्हटलं, गंजक्या पाण्यानेही पडते की पिवळी. पाइप केव्हाचा गंजलाय. सोडा न घालता पांढरा रुमाल उकळून दाखवला, पिवळा निघाला. त्याचं म्हणणं, कालचा सोडा भट्टीला चिकटलेला असणार. भट्टी घासून पुन्हा उकळला, पुन्हा पिवळा. मग तो म्हणाला, चूक नसती तर ही बाई गप्प बसली असती का? वहिनीने तोंड उघडलं तर म्हणे, बघा, किती झोंबलं. इस्त्रीवाल्या बाया माना डोलावत होत्या. त्या डोलणाऱ्या माना बघून मला मळमळायला लागलं.

मी नळाखाली ग्लास भरला. तळाशी तांबूस गाळ हलत होता.

"पाणी चांगलं आहे ना मुकादम? मग प्या."

"मला तहान नाही."

"तहान कुठे विचारली मी?"

त्याने ग्लास खिडकीत सरकवला आणि बायांना कामाला लागा म्हणाला. म्हणजे त्याला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं.

वहिनी डबा घेऊन निघाली. मी धावत तिला फाटकाशी गाठलं, म्हटलं, चल मालकाकडे, पाइपच दाखवू. ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

"वन्सं, पडलाही असेल हो माझ्याकडून जास्त. एवढी सगळी माणसं म्हणतायत."

मुकादमाची किळस मी कशीबशी गिळली होती. ही गिळवेना. फाटकाचा गज धरून मी तिथेच ओकले, आणि ती बिचारी, काय बाधलं म्हणत, माझी पाठ चोळत राहिली.