सिस्टरची सात अंडी

अंडी अजून कोमट होती. सिस्टरने हाताची पालथी बाजू एकेका अंड्याला लावून पाहिली. चौतीस वर्षं ती नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या कपाळाला अशीच लावत आली होती. खुराड्याच्या दारात पिसं विखुरली होती आणि त्यांचा माग कुंपणाच्या भगदाडापर्यंत गेला होता. बदकीण कुठेच नव्हती. तिचा नर तळ्याच्या मधोमध एकटाच गोल गोल फिरत होता.

भाऊ फावडं घेऊन धावत आला, पण आता फावड्याचा उपयोग नव्हता.

"कुत्रं," तो म्हणाला. "कडी उघडीच दिसतेय."

"मीच लावली नव्हती."

भावाने फावडं कुंपणाला टेकवलं. काल संध्याकाळी शेजारच्या घरी बाळ बघायला म्हणून सिस्टर गेली, ते बाळ दूध ओढत नव्हतं, मग तिथेच गुंतली. अंधार पडताना परत आली आणि सरळ घरात शिरली. खुराडं डोक्यातून निघूनच गेलं.

"होतं गं ताई. माणूस आहे."

"अंडी गार होतायत. तुझा स्वेटर काढ."

"हा? नवा आहे."

"म्हणूनच."

नऊ अंडी स्वेटरमध्ये गुंडाळून तिने घरात नेली.

भावाने तीस वर्षं बस चालवली होती. बायको गेल्यावर त्याने गावाबाहेरचं हे दोन खोल्यांचं घर आणि मागची पट्टीभर जमीन घेतली, आणि काकड्या लावल्या. शिंप्याची टेप घेऊन तो रोज सकाळी त्या मोजायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. सिस्टरने लग्न केलं नव्हतं. ती इस्पितळातल्या बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून लागली आणि तिथूनच आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाली. दोन ट्रंका घेऊन ती भावाकडे आली तेव्हा पहिला महिनाभर तिला स्वतःचं काय करावं तेच कळेना. पहाटे उठून ती दोघांच्या गाद्यांच्या चादरी अशा ताणून खोचायची, की भावाला रात्री पाय घालायला जागा सापडायची नाही. शेवटी वैतागून त्याने बदकांची जोडी आणली. "हे घे पेशंट," म्हणाला. बदकीण तिच्या मागे मागे फिरू लागली, खुराड्यात नऊ अंडी घालून त्यांच्यावर बसली, आणि सिस्टर रोज तिला दाणे आणि पाणी जागेवर नेऊन देऊ लागली. कुत्रं आलं तो तिच्या बसण्याचा विसावा दिवस होता. पिल्लं निघायला अजून आठ बाकी होते.

शेजारच्या आजी गावात सगळ्यांत जास्त कोंबड्या पाळायच्या. त्यांना बोलावून आणलं. त्या दारातच टेकल्या.

"खुडूक कोंबडी असती तर दिली असती पोरी, तिच्याखाली सरकवली असती अंडी. पण सध्या माझी एकही बसायला तयार नाही. सगळ्या हिंडतायत नुसत्या."

"मग मी बसते," सिस्टर म्हणाली.

भाऊ हसला, पण ती हसली नाही. तिने लाकडी खोकं रिकामं केलं, आत दिवा लटकवला, कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवली. तापाचं थर्मामीटर ट्रंकेतून काढलं. त्यातला पारा आपणहून खाली उतरत नाही, म्हणून दर तासाला ते झटकून पुन्हा ठेवायचं. साडेसदतीसच्या वर गेलं की झाकण उघडायचं, खाली आलं की मिटायचं. खिडकीला घोंगडी लावून तिने अंडी बॅटरीच्या उजेडावर धरली. दोन नुसतीच पिवळी दिसली, आत जीव नव्हता; ती बाजूला काढली. सातांमध्ये लाल शिरा होत्या आणि आत काहीतरी हलत होतं. त्या सातांवर तिने पेन्सिलीने आकडे घातले, एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल काढला, म्हणजे उलटताना चूक व्हायला नको.

"बेड नंबर एक ते सात," भाऊ म्हणाला. "भेटायची वेळ काय सिस्टर?"

"हात धुतलेस तर भेट."

दोनदा भर दुपारी वीज गेली. तेव्हा तिने खोक्याच्या चारी बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या आणि ती तिथेच बसून राहिली. गाव तिला येऊन बघून गेलं. काहींनी तिला खुळी ठरवलं. "सातच्या सात वाचवणार मी," ती प्रत्येकाला सांगायची, जणू कोणी हिशेब मागितला होता.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी चार नंबरच्या अंड्याला तडा गेला. बारीकसं भोक पडलं. आतून चोचीचं टोक दिसलं, आवाजही आला. सिस्टरने घड्याळ पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली. एक तास गेला, चार गेले. भोक होतं तेवढंच राहिलं. सहाव्या तासाला आवाज मंदावला.

अडलेलं बाळ म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. आत जीव गुदमरतोय आणि बाहेर आपण घड्याळ बघत बसलोय, असं तिने कधी होऊ दिलं नव्हतं. डॉक्टर येईपर्यंत तिने कितीतरी जीव आपल्या हिमतीवर बाहेर काढले होते. तिने चिमटा उकळून घेतला आणि कवचाचे कपचे अलगद काढायला सुरुवात केली. आतल्या पातळ पापुद्र्याला चिमटा लागला आणि रक्त आलं. ती थांबली नाही. तिने पिल्लू ओंजळीत घेतलं, कापसाने पुसलं, छाती चोळली. अर्ध्या तासात ते गेलं.

आजी संध्याकाळी आल्या आणि त्यांनी ताटलीतलं रक्ताळलेलं कवच पाहिलं.

"तू काढलंस?"

"अडलं होतं."

"अडलं नव्हतं गं. कवचाला लागून ज्या शिरा असतात ना, त्यातलं रक्त ते आधी अंगात ओढून घेतं. मग दम खातं, मग फिरून फिरून कवच कापतं. एक दीस लागतो, दीड लागतो. माणसाचं पोर वेगळं. त्याला आई ढकलते, तू ओढतेस. याला ढकलणारंही कोणी नाही आणि ओढणारंही नाही. ते आपलं आपण येतं."

 आजी गेल्यावर सिस्टरने चिमटा पुसून ट्रंकेत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली भावाच्या हातात दिली.

"मी मागितली तरी देऊ नकोस."

"रडलीस तरी?"

"तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दोन नंबरला भोक पडलं. त्या दिवशी तिने चहा घेतला, दाणे पाखडले, काकड्यांना पाणी घातलं, आणि दर दहा मिनिटांनी खोक्याशी येऊन उभी राहिली. भोक तेवढंच होतं. दिवस मावळला, पुन्हा उजाडला. भोक तेवढंच. सकाळी दहाच्या सुमाराला आतला आवाज बंद झाला.

आता भावाचा जीव वरखाली होऊ लागला. आठ दिवस थट्टा करणारा हा माणूस सकाळपासून स्टुलावर बसून होता, काकड्या मोजायच्याही राहिल्या होत्या.

"ताई, दमलंय ते."

"असेल."

"आवाज थांबलाय."

"झोपलं असेल."

"तुला काय माहीत झोपलंय ते?"

"मला माहीत नाही."

"मग काढ ना त्याला! मी अंडं धरतो, तू हळूच... ही घे किल्ली. एवढं सगळं केलंस आणि आता नुसती बघत बसणार?"

किल्ली त्याने तिच्यापुढे धरली. सिस्टरचे हात शिवशिवले. तिने किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बाहेर जाऊन बसा," ती म्हणाली. "काही झालं की बोलावते."

आपण सख्ख्या भावाला अहो-जाहो केलं हे तिच्या नंतर लक्षात आलं. वॉर्डाच्या दारातून हे वाक्य तिने हजारो नवऱ्यांना, सासवांना ऐकवलं होतं. बाहेर गेल्यावर ती माणसं काय करत असतील याचा विचार मात्र तिने कधी केला नव्हता. भाऊ गेला. खिडकीतून तो दिसत होता, काकडीच्या वेलांमधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होता आणि दर फेरीला घराकडे बघत होता.

सिस्टरने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसली. बाराला बोटांना मुंग्या आल्या. तिने हात काढले नाहीत. साडेबाराला भोकाशेजारी आणखी एक चीर पडली. मग त्याच्या पुढे एक. अंडं आतून फिरत होतं, टोपण कापावं तशी चीर गोल सरकत होती, थांबत होती, सरकत होती. एकदा इतका वेळ थांबली की तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा टोपण उचललं गेलं होतं आणि एक ओला, वाकडातिकडा जीव कवचातून पाय झाडत बाहेर येत होता.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दोन वाजून दहा मिनिटं," ती मोठ्याने म्हणाली.

खिडकीत भावाचं तोंड आलं. "झालं? मुलगा की मुलगी?"

"ते आजींनासुद्धा इतक्यात सांगता येणार नाही!"

"दोघं सुखरूप?"

"दुसरं कोण?"

"तू."

 सिस्टरचे हात बधिर झाले होते, ती ते झटकत राहिली.

संध्याकाळपर्यंत एक नंबर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात नंबर, आणि दुपारी सहा नंबर. तीन आणि पाच तशीच राहिली, ना चीर ना आवाज. तिने आणखी दोन दिवस दिवा चालू ठेवला. थर्मामीटर झटकत राहिली, वाटीत पाणी घालत राहिली. एव्हाना चारही पिल्लं तिच्या टाचांना चिकटून घरभर फिरू लागली होती. ती मोरीत गेली तर दाराबाहेर रांग लावून ओरडायची.

तिसऱ्या दिवशी आजींनी दोन्ही अंडी कानाशी धरली आणि मान हलवली. "आता आशा सोड पोरी. फोडून बघ हवं तर. कशाने राहिली ते कळेल."

इस्पितळात प्रत्येक कागदावर कारणाचा रकाना असायचा. तो सिस्टरने कधी कोरा सोडला नव्हता. तिने अंडी हातात घेतली. इतक्या दिवसांत पेन्सिलीचे आकडे पुसट झाले होते.

"फोडू?" भावाने विचारलं.

"नको."

"खड्डा मी काढतो."

"मी काढते."

काकडीच्या शेवटच्या वेलापाशी ती उकिडवी बसली आणि खुरप्याने माती उकरली. अंडी तळाशी शेजारी शेजारी ठेवली. तोवर चारही पिल्लं येऊन पोचली होती. ओल्या मातीत गांडुळं वळवळत होती. ती पाहून एक पिल्लू सरळ खड्ड्यात उतरलं. तिने त्याला उचलून बाहेर ठेवलं, तर दुसरं उतरलं.

"अरे, थांबा रे जरा," ती म्हणाली.

कोणी ऐकेना. शेवटी तिने डावा हात खड्ड्याच्या कडेने आडवा जमिनीवर टेकवला, चौघांना त्याच्यापलीकडे अडवलं आणि उजव्या हाताने माती लोटली. हळूहळू, मुठीमुठीने. पिल्लं तिच्या मनगटावरून माना काढून ओरडत होती. खड्डा भरल्यावर तिने तळव्याने माती सारखी केली, क्षणभर हात तिथेच राहू दिला, आणि मग डावा हात उचलला.

चौघं एकदम ताज्या मातीवर चढली आणि चोचींनी उकरू लागली.