आबासाहेबांचे बोके

आबासाहेबांच्या कामदुघा दूध कंपनीत एक खातं असं होतं की त्याच्या दारावर पाटी नव्हती, आणि तरी संगमनेरच्या आसपासच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. कंपनी त्याला गुणवत्ता पथक म्हणायची. लोक म्हणायचे, बोके.

दुधात पाणी कोण घालतं ते हुंगायला आबासाहेबांनी ही माणसं नेमली. पण पाणी राहिलं बाजूला आणि चावडीवर, पारावर, न्हाव्याच्या दुकानात आबासाहेबांबद्दल कोण काय बोललं, तेवढंच हुंगून आणायचं काम उरलं. कागद करायचा नाही, फोनवर बोलायचं नाही. आबासाहेबांच्या उजव्या कानाशी वाकायचं, नाव सांगायचं आणि मागं सरायचं. नाव कानात पडलं की दुसऱ्या दिवशी त्या घराचं दूध बंद. टेम्पो दारावरनं तसाच पुढं. या भागात दूध घेणारं दुसरं कुणी नाही, तेव्हा बसा ताक घुसळत.

या बोक्यांतला एक होता गोजरबाईचा हनुमंत.

अंगानं रेडा आणि काळजानं कोकरू. लोकांना सांगायला तो जनावरांचा दलाल होता. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून घोडेगावच्या बाजाराला जातो म्हणून निघायचा आणि दिवसभर कुठल्या तरी टपरीवर वर्तमानपत्र उलटं धरून बसायचा.

"हनम्या," गोजरबाई म्हणायची, "इतक्यांदा घोडेगावला जातूस, एकदा तरी गाईचं शेपूट घिऊन ये की."

"दलाली असती आई. जनावर आपल्या घरी येत न्हाई."

"व्हय बाबा. मांजर दूध पिताना डोळं मिटतं, जगाचं न्हाई मिटत."

गोजरबाईला सगळं कळत होतं. नवरा ऐन उमेदीत गेला. त्यानंतर तिनं गाई राखल्या, गोठा वाढवला, त्या गोठ्यावर पोराला शिकवलं, त्याचं लग्न केलं, घरावर स्लॅब टाकला. तिच्या घरातली चहापत्तीसुद्धा दुधातून यायची. पोरगा चुगल्या करून जगतो, हे तिला दातात अडकलेल्या काडीसारखं टोचायचं. पण पोटचं पोर. शिव्या द्यायची आणि त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळाही तीच ठेवायची.

जिभेवर मात्र तिचा ताबा नव्हता, आणि तो असावा असं तिला कधी वाटलंही नाही.

लग्नाआधी घाणा भरतात. मांडवात जातं मांडून हळद दळायची, आणि दळताना गाणी म्हणायची. जात्याला हात लावायचा सुवासिनींनी, पण गाणं म्हटलं की सगळ्या गोजरबाईकडं बघायच्या. बाजूला पाट टाकून ती बसायची आणि सूर लावायची. तिथं पुरुषाला थारा नाही. आणि बोक्यांत बाई एकही नव्हती. आबासाहेबांनी तालुक्यात जागोजागी कान ठेवले, जात्यापाशी तेवढा ठेवायचा राहिला. बायका बायका काय बोलणार, असं वाटलं असेल. पुरुषांना तसंच वाटतं.

शेजारच्या वाडीत एका घाण्याला गोजरबाईनं म्हटलं,

"मांजर पाळलं मालकानं उंदीर धरायला,
माझ्याच चुलीपाशी बसलं कान भरायला.
उतू गेलं दूध, त्याचा न्हाई त्याला पत्ता,
कोण काय बोललं, त्याच्यावर चाललीया सत्ता."

बायका हसता हसता जात्यावर कलंडल्या. मग त्या आपापल्या गावी गेल्या, गाणं बरोबर गेलं. लग्नसराई सरायच्या आत कंपनीच्या गेटवरचा वॉचमन पायजमा वाळत घालताना तेच गुणगुणत होता, आणि आबासाहेबांच्या गाडीची काच नेमकी खाली होती.

त्यांनी पथकाच्या मुकादमाला, भागवतला, बोलावलं. भागवत पोलिसातून निवृत्त झालेला, मिशीला तेल लावणारा माणूस.

"हे गाणं कुणी केलं? नाव पाहिजे मला. जी कुणी असेल तिचं दूध बंद."

भागवतनं हनुमंताला पुढं घातलं. "तुझी आई गाती ना? तिच्याकडनं काढ खबर."

हनुमंताला खबर काढायची गरजच नव्हती. 'माझ्याच चुलीपाशी' म्हटल्यावर चूल कुणाची आणि मांजर कोण, हे तो ऐकताक्षणी समजला होता. त्या चुलीपाशी तो रोज जेवत होता. आधी त्याला रडू आलं, मग गोठा आठवला. नाव सांगितलं तर आईचा गोठा बसला. नाही सांगितलं तर भागवत आज ना उद्या काढणारच.

संध्याकाळी तो भाकरीचा तुकडा चिवडत म्हणाला, "आई, तुला गाणी येतात का असं कुणी इचारलं, तर न्हाई म्हन."

"का रं? माझा गळा बसला का अक्कल?"

"तसं न्हाई..."

"मग जेव गप. पोटात अन्न न्हाई म्हून डोकं चालंना तुझं."

डोकं चाललं, पण भलतीकडंच. दुसऱ्या दिवशी तो आबासाहेबांच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "कर्जतकडची मुक्ताबाई." कर्जत म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिकडं कंपनीचा टेम्पो जात नाही. टेम्पोच नाही तर बंद काय करणार? मुक्ताबाई नावाची बाई त्यानं जन्मात पाहिली नव्हती. आपण फार हुशारी केली असं वाटून त्यानं येताना घरी जिलबीसुद्धा नेली.

पण भागवत कामाला वाघ. पोलिसात असताना जे कधी केलं नाही ते त्यानं इथं केलं. जीप काढली, कर्जतच्या वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या आणि गाणी म्हणणारी एक मुक्ताबाई शोधूनच काढली. आबासाहेबांच्या बंगल्यावर तिला आणून उभं केलं. वाळल्या खारकेसारखी म्हातारी, तोंडात दात नाही आणि डोळ्यांत भीती नाही. जीपमधून जिल्हा बघायला मिळाला म्हणून खूश.

"हे गाणं तुम्ही केलं?" आबासाहेबांनी विचारलं. भागवतनं चार ओळी वाचल्यासारख्या म्हणून दाखवल्या.

मुक्ताबाईनं मान डोलावली. "म्याच केलं. झ्याक जमलंय न्हाई?"

भिंतीला टेकलेल्या हनुमंतानं कपाळावर हात मारला.

"ह्या बाईचं काय बंद करायचं?" आबासाहेब भागवतला म्हणाले. "गाय आहे का हिच्याकडं?"

"शेळी हाय," मुक्ताबाईच म्हणाली. "ती बंद करता? लई वरडती, माझीबी सुटका हुईल."

हे चाललं होतं तेव्हा महमूदभाई बंगल्यावरचं दूध द्यायला आला होता. गोजरबाईच्या गावाचा टेम्पो हाच चालवायचा. त्यानं दारातून सगळं ऐकलं आणि गावात पोचल्या पोचल्या गोजरबाईला सांगितलं, की कर्जतची कुणी म्हातारी तुमचं गाणं माझं म्हणून सांगतीय. बस्स. दूध बंद होईल, पोराची नोकरी जाईल, यातलं काही तिच्या डोक्यात आलं नाही. तिनं हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि महमूदच्या शेजारी बसली. "फिरव टेम्पो."

बंगल्यात शिरताना तिला कुणी अडवलं नाही. तिचं तोंड बघून कुणाची छाती झाली नसती.

"कोन ती मुक्ताबाई?"

"मी. तू गं कोन?"

"जिचं गाणं चोरलंस ती."

"चोरायला काय दागिना हाय?" मुक्ताबाई खुर्चीत मांडी घालून बसली. "तुझं असंल तर फुडलं म्हन."

गोजरबाईनं पुढचं म्हटलं. तिथल्या तिथं जुळवून, आबासाहेबांच्या मिशीवर. मुक्ताबाईनं त्याला त्यांच्या पोटावर उत्तर दिलं. मग ही, मग ती. दोघींना कसलं भान राहिलं नाही. भागवत छताकडं बघत उभा, आबासाहेब मधल्या खुर्चीत, आणि त्यांच्या अंगावर दोन्हीकडून असा मारा की ऐकणाऱ्यानं कानांवर हात ठेवावेत. इतक्या वर्षांत आबासाहेबांनी स्वतःबद्दलचं बोलणं फक्त उजव्या कानात, हळू आवाजात ऐकलं होतं. समोरून ऐकायची ही पहिलीच वेळ.

शेवटी मुक्ताबाई धापा टाकत म्हणाली, "व्हय बाई, तुझंच हाय. ही जीभ माझ्या जिभेपरीस धारदार. मला आपलं वाटलं, कोन मान देतंय तर का सोडा?"

आबासाहेब उठले. "मावशी," ते गोजरबाईला म्हणाले, "विचार करून बोला. गाणं हिचं असेल तर चहा घ्या आणि जा. गाणं तुमचं असेल तर उद्यापासून तुमचं दूध बंद. मी एकदा बोललो की बदलत नाही."

गोजरबाईनं पोराकडं पाहिलं. तो डोळ्यांनी विनवत होता, न्हाई म्हन, आई, न्हाई म्हन. गोठ्यातल्या गाई तिच्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेल्या. एक तर गाभण होती.

"आबासाहेब, तुमच्या टेम्पोवर माझा गोठा चालतो," ती म्हणाली. "जीभ न्हाई चालत. गाणं माझं."

हनुमंत पुढं झाला. सवयीनं आबासाहेबांच्या उजव्या कानाशी वाकला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ताठ झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला.

"साहेब, मुक्ताबाईंचं नाव मीच तुमच्या कानात घातलं. खोटं घातलं. आणि खरी खबर पायजे असंल तर ही घ्या. गाणं माझ्या आईनं केलं, पन म्हनत्यात सगळ्या. ज्या ज्या घरात जातं हाय त्या घरात म्हनत्यात. म्हननारीचं दूध बंद करायचं म्हटलं, तर उद्या कंपनीत चहापुरतं दूध यायचं न्हाई. बंगल्यातबी न्हाई."

"बंगल्यात म्हणजे?"

चहाचा ट्रे घेऊन माईसाहेब दारातच उभ्या होत्या. आबासाहेबांची बायको. फार न बोलणारी बाई.

"त्याला कशाला दरडावता?" त्या म्हणाल्या. "पुतणीच्या घाण्याला मीच म्हटलं होतं."

"तू?"

"मग काय करू? जेवायला बसता तेव्हासुद्धा एक बोका कानाशी असतो. घरात मी काय बोलते ते तुम्हाला माणूस पाठवून कळतं. समोर बसून विचारलंत कधी?" त्यांनी पहिला कप मुक्ताबाईला दिला, दुसरा गोजरबाईला. नवऱ्याला दिलाच नाही.

आबासाहेब खाली बसून म्हणाले, "मावशी, ते मिशीवरचं काय म्हणालात? परत म्हणा."

"घाण्याबिगर म्हनत न्हाई. घरात लगीन काढा, मग बोलवा."

दुधाचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि गोजरबाईनं विचारलंही नाही.

परत येताना मुक्ताबाई बरोबरच आली. इतक्या उशिरा कर्जतला कुठं धाडायचं म्हणून गोजरबाईनं तिचं बोचकं स्वतःच उचललं, आणि घर येईपर्यंत दोघी भांडत राहिल्या, की पोटावरचं सरस का मिशीवरचं. हनुमंत टेम्पोच्या मागच्या फळीवर कॅनांमध्ये पाय मुडपून बसला होता.

"आई, माझी नोकरी गेली गं."

"गेली तर गेली. तोंड हाय न्हवं? आज पयल्यांदा उघडलंस ते." मग जरा थांबून, दुसरीकडं बघत, "चांगला आवाज हाय तुझा. तुझ्या बापावानी."

सकाळी धारा निघाल्या. कॅन भरून रस्त्याकडंला ठेवले. सून घरातून बाहेर येईना. हनुमंत कॅनाशेजारी उभा होता आणि गोजरबाई उगीचच अंगण पुन्हा झाडत होती. वळणावर टेम्पोचा आवाज आला तसा तिचा खराटा थांबला.

टेम्पो दारात आला, हळू झाला आणि थांबला.

"काय निरोप आला?" हनुमंतानं विचारलं.

"काय बी न्हाई," महमूदभाई खाली उतरला. "बंद कर म्हनले न्हाई, घे बी म्हनले न्हाई."

"मग थांबलास कसा?"

"तर काय तसाच फुडं जाऊ? मला घरी जेवायचं हाय. आमची हुमेरा रोज दळताना तेच गाणं म्हनती." त्यानं कॅनाचा एक कान धरला. "बघत काय ऱ्हायलास, दलाल? धर की दुसरा."

हनुमंतानं धरला. इस्त्रीच्या शर्टावर दूध सांडलं.

"जरा थांबा," गोजरबाई ओरडली आणि लोटा घेऊन धावत आली. "पाहुनीला चहा करायचा हाय. तिला बिनदुधाचा दिला तर कर्जतभर गात फिरंल ती."