लुंबिनीच्या आधीची तपासणी

विम्याच्या जाहिरातीतलं म्हातारं जोडपं बर्फात घसरगुंडी खेळत होतं. दोघांचे केस पांढरेशुभ्र, दात त्याहून पांढरे, आणि मुख्य म्हणजे दोघांचेही गुडघे वाकत होते. सरूबाईंनी मोबाईल हातभर लांब धरून ती जाहिरात तीनदा पाहिली.

"ह्यांना विमा कशाला पाहिजे?" त्या म्हणाल्या. "विम्यालाच ह्यांची गरज दिसते."

त्यांचे पती बुद्धरत्न पुनावळ्याच्या नवव्या मजल्यावरच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसले होते. सापडलेला प्रत्येक खडा ते वेगळ्या वाटीत ठेवत. दुकानदाराला दाखवायला. दुकानदाराने ही वाटी आजवर दोनदा पाहिली होती आणि तिसऱ्या वेळी तो गोदामात लपला होता.

"टूरवाल्याचा फोन आला होता," ते म्हणाले. "सत्तरच्या पुढच्या माणसाला विम्याशिवाय नेपाळात नेणार नाही म्हणतो. शनिवारपर्यंत कागद द्या, नाहीतर दोन्ही सीट दुसऱ्याला."

शनिवारपर्यंत! सरूबाई एक्कावन्न वर्षं थांबल्या होत्या. १९७४ साली लग्न झालं तेव्हा बुद्धरत्नांनी शब्द दिला होता की वैशाख पौर्णिमेला तुला लुंबिनीला नेईन. तेव्हा पुनावळ्यात ज्वारी उभी असायची आणि ताथवड्याला जायला बैलगाडीची वाट होती. पुढच्याच वर्षी कंपनीत संप झाला. मग ओव्हरटाइम आला, मग लेकीची, मिनलची दहावी, मग घराचं कर्ज, मग बिल्डरने तीन वर्षं न दिलेला ताबा. सगळं संपून आता बॅगा भरू म्हटलं, तर २०१४ मध्ये बुद्धरत्नांच्या हृदयाने सुट्टीचा अर्ज केला आणि बायपास झाली. पौर्णिमा मात्र दर वर्षी बिनचूक येत राहिली. तिला कुणी विमा मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं ताथवड्याला गेली. तिथे इंजिनिअरिंग कॉलेजसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर, नवनाथ नावाच्या एजंटचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक एसी आणि 'ग्राहक हाच देव' अशी पाटी. एसी बंद होता.

"काका, काकू, टेन्शनच घ्यायचं नाही," नवनाथ म्हणाला. "दहा मिनिटांत पॉलिसी. काकांची जन्मतारीख?"

"एक जून एकोणपन्नास."

"पंचाहत्तर पूर्ण. म्हणजे जूनमध्ये शहात्तर." नवनाथचा चेहरा किंचित लांबला. "पंचाहत्तरनंतर कंपन्या जरा विचार करतात, काका."

"ती तारीख खरी नाही हो," सरूबाई म्हणाल्या. "हे जन्मले एक्कावन्नला. शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तर म्हणाले, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकड. ह्यांचे हात आधीच लांब. कान सोडून हनुवटीपर्यंत पोचला! मास्तर म्हणाले, आठ वर्षांचा आहे, लिहा एक जून. पोरगं होतं सहाचं. आमच्या गावात सगळेच एक जूनला जन्मलेत. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस बाया शेतात असायच्या बहुतेक."

नवनाथ हसला. बुद्धरत्न हसले नाहीत. त्या लांब हातांमुळे ते सोळाव्या वर्षी कागदावर अठराचे झाले आणि पिंपरीच्या कंपनीत लागले, हे खरं. पण त्याच हातांमुळे दोन वर्षं आधी रिटायर झाले, आणि आता त्याच हातांनी विमाही मागे ढकलला होता.

"आजार काही?"

बुद्धरत्नांनी पिशवीतून फाईल काढली. चाळीस वर्षं त्यांनी क्वालिटीत काढली होती, पहिली तीस पिंपरीत आणि शेवटची दहा चाकणच्या प्लांटात. आलेला प्रत्येक पार्ट मोजायचा आणि त्याला टॅग लावायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्तीला, लाल म्हणजे भंगारात. लग्नानंतर सरूबाईंच्या पहिल्या भाकरीला त्यांनी टॅग लावला नव्हता, एवढीच काय ती नव्या नवरीवरची माया. फॉर्ममधल्या आजारांच्या दोन ओळी त्यांना पुरणार नव्हत्या, म्हणून त्यांनी घरूनच जोडपत्र आणलं होतं. त्यात बायपास होती, साखर होती, बीपी होतं. शिवाय सत्त्याऐंशीची कावीळ, प्रेसमध्ये चेमटलेली करंगळी आणि 'उजव्या कानाला शिट्टी ऐकू येत नाही, कुकरचीसुद्धा' असा शेरा.

नवनाथने ते वाचलं आणि पंखा वाढवला.

"काका, एक सांगू? बायपास बाहेरून दिसते का? शर्ट घातला की संपलं. आपण लिहू, 'काही नाही'. एकदम स्वस्तात बसवतो."

"आतला तडा बाहेरून दिसत नाही, म्हणूनच तपासणी असते, भाऊ," बुद्धरत्न म्हणाले. "लाल पीसला हिरवा टॅग मी कधी लावला नाही."

"अहो, तो गिअर होता," सरूबाई हळूच म्हणाल्या. "हे तुम्ही आहात."

"म्हणूनच."

"आणि काकूंना काय?"

"मला?" सरूबाईंनी पदर सारखा केला. "मला काही नाही. चिंचवडला एकतीस वर्षं कॉइल वाइंडिंगला होते. एक दिवस आजारी रजा नाही. मिनलच्या वेळी दवाखान्याची पायरी चढले, ती शेवटची. आमच्या वेळी कंपनीचा डॉक्टर पाठीवर दोन थापा मारायचा. खोकला नाही आला की फिट."

नवनाथने त्यांच्या नावापुढे मोठ्या आदराने 'काही नाही' लिहिलं.

पुढचे दोन दिवस फोन वाजत राहिला. पहिल्या कंपनीने जोडपत्र वाचून नम्रपणे नकार दिला. दुसरीच्या बाईने होकार दिला, पण हप्ता असा सांगितला की तेवढ्यात नेपाळचा एखादा डॉक्टरच घरी ठेवून घेता आला असता. तिसरीतून सायली नावाची मुलगी बोलत होती. आवाज फार गोड.

"सर, कॉंग्रॅच्युलेशन्स! तुमचं प्रपोजल ॲक्सेप्ट होतंय. फक्त हार्ट, शुगर, बीपी, लिव्हर आणि कान कव्हर होणार नाहीत."

सरूबाईंनी फोन हातात घेतला. "बाळा, मग ह्यांचं उरलं काय?"

"बॅगेज लॉस आहे ना, मॅम."

"म्हणजे बॅग आजारी पडली तर पैसे मिळतील."

"हो, मॅम," सायली म्हणाली.

गुरुवारी दुपारी सरूबाईंचा बांध फुटला. "एवढा तुमचा खरेपणा! पौर्णिमा थांबणार आहे का त्याला? दोन शब्द लिहायचे होते, 'काही नाही'. ते पोरगं लिहायला तयार होतं. तुम्हाला मेलं कानाचं पण सांगायचं होतं!"

"कानाचं का नको?"

"कारण बाकी सगळं ऐकू येतं, मी बोलते तेवढंच तुम्हाला ऐकू येत नाही!"

बुद्धरत्नांनी चष्मा पुसला आणि नवनाथला फोन लावला. ते काही ओरडले नाहीत. चाकणला मॅनेजरही त्यांच्यावर ओरडून दमायचे. "भाऊ, लिहिलेल्या दोषासकट घेणारा कुणीतरी असेल. शोध."

नवनाथने शोधला. एकाच कंपनीची पॉलिसी निघाली. शहात्तरावा वाढदिवस येईपर्यंत, त्यापुढे एक दिवसही नाही. जुना आजार लिहून दिलेला असेल, सहा महिने औषध बदललेलं नसेल आणि डॉक्टर तसं पत्र देत असतील, तर जिवावरचा प्रसंग आल्यास खर्च देणार. अकरा दिवसांपुरती, फक्त नेपाळसाठी, थोडा खर्च आपण सोसायचा, म्हणून हप्ताही झेपेल असा. "पण पत्र दोघांचं लागेल," तो म्हणाला. "सत्तरच्या पुढे आहात ना. काकूंचं काय, नुसती फॉर्मॅलिटी."

शुक्रवारी सकाळी दोघं डॉ. विजयश्रींच्या दवाखान्यात बसली. बुद्धरत्नांची फाईल पाहून डॉक्टरबाई खूश झाल्या. अकरा वर्षांचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, साखरेचा आलेख हाताने काढलेला. "काका, तुमच्यासारखा पेशंट मिळत नाही. सगळं काबूत आहे. बिनधास्त जा." पाच मिनिटांत पत्र तयार.

"आता काकू. हात द्या."

सरूबाईंनी हात दिला तो उपकार केल्यासारखा. पट्टा आवळला, सैल झाला. डॉक्टरबाईंनी पुन्हा आवळला. मग दुसऱ्या हाताला लावला. मग विचारलं, "काकू, डोकं दुखतं का कधी?"

"ते तर लग्नापासून दुखतं."

"एकशे नव्वद वर एकशे आठ आहे." डॉक्टरबाई आता हसत नव्हत्या. "हे आजचं नाही. वर्षानुवर्षांचं असणार. कधी मोजलंच नाही तुम्ही?"

सरूबाईंनी आयुष्यात लाखो कॉइलींचे वेढे मोजले होते. हे तेवढं राहिलं होतं.

गोळी आजच सुरू करायची, मीठ कमी, आठवड्याने परत यायचं. निघायला अजून महिना होता. तोवर बीपी खाली आलं तर प्रवासाला हरकत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. "मात्र पत्रावर खरं तेच लिहीन."

तिथून दोघं सरळ नवनाथकडे गेली. ज्याच्या छातीत दुरुस्त केलेल्या तीन नळ्या होत्या तो पास झाला होता, आणि जिला काही नव्हतं ती अडकली होती.

नवनाथने पत्र वाचून डोकं खाजवलं. "लिहिलं तर बीपी आणि बीपीमुळे जे काही होईल ते काकूंना मिळणार नाही. नवीन आजार. सहा महिने औषध चालू पाहिजे."

"मग सहा महिन्यांनी जाऊ," सरूबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच थांबल्या. सहा महिन्यांनी बुद्धरत्न शहात्तर. मास्तरांनी सहा वर्षांच्या पोराचा कान बघून ठरवलेली तारीख जूनमध्येच पॉलिसीचं दार लावून घेणार होती. आत्ता गेलं तर ह्या अर्ध्या बाहेर, थांबलं तर ते पूर्ण बाहेर.

"दुसऱ्या डॉक्टरचं पत्र आणता येईल," नवनाथ टेबलाकडे बघत म्हणाला. "गोळी घेऊन दोन तास बसायचं, मग मोजायचं. माझ्या ओळखीचे आहेत. फॉर्मवर 'काही नाही' लिहिलेलंच आहे. मी काही बघितलं नाही."

फॉर्म बुद्धरत्नांसमोर होता. त्यांच्या हातात पेन होतं. सरूबाई वाट बघत राहिल्या, की आता हे लिहितील, काट मारून मोठ्या अक्षरात, वर जोडपत्रही लावतील. पेन त्या रकान्यावर गेलं आणि थांबलं.

"सरू," ते हळूच म्हणाले, "राहू देऊ का तसंच?"

एक्कावन्न वर्षांत त्यांनी सरूबाईंना पहिल्यांदाच असलं काही विचारलं होतं. तेही कुणासाठी? त्या क्षणी सरूबाईंना त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्ही एकदम आवरेनात.

"खोटं सापडलं तर काय होतं रे?" त्यांनी नवनाथला विचारलं.

"मग पॉलिसीच रद्द, काकू. पाय मोडला तरी काही नाही."

"म्हणजे खोटं बोलायचं, हप्ता भरायचा, आणि पाय मोडला तरी हात हलवत यायचं!" त्यांनी पेन ओढून घेतलं. "द्या इकडे. ह्यांना कधी खोटं बोलता आलंय? सीमेवर कुणी 'नमस्कार' म्हणालं तरी हे माझं बीपी सांगतील."

'काही नाही'वर त्यांनी आडवी रेघ मारली आणि लिहिलं, 'बीपी आहे. आजच कळलं.' खाली सही केली. अक्षर त्यांचं चांगलं होतं.

संध्याकाळी पॉलिसी आली. बुद्धरत्नांची सगळ्या दोषांसकट. सरूबाईंची बीपी सोडून उरलेल्या सरूबाईंसाठी, म्हणजे बॅग, पाय आणि पासपोर्ट. टूरवाल्याने दोन्ही कागद घेतले आणि न वाचताच कपाटात टाकले. त्याला कागद हवा होता. आत काय लिहिलंय याची चौकशी करण्याएवढा तो कडक नव्हता.

घरी आल्यावर बुद्धरत्नांनी लोखंडी पेटीतून टॅगचा जुना गठ्ठा काढला. सरूबाई बघत राहिल्या. लाल काढतात की पिवळा? त्यांनी पांढरा काढला.

"हा कुठला?"

"डेव्हिएशन. पार्टमध्ये दोष आहे, पण काम अडलंय आणि दुसरा पार्ट मिळणार नाही, तेव्हा साहेब स्वतःच्या जबाबदारीवर पास करायचा. दोष लिहायचा आणि खाली सही करायची. मी कधी केली नाही. म्हणायचो, ज्याला डोकं नाही तो असली सही करतो."

त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'दोष माहीत आहे. स्वीकारले.' खाली सही केली, तारीख घातली आणि टॅग सरूबाईंच्या गोळ्यांच्या डबीला दोऱ्याने बांधला.

"दुसरा पार्ट मिळत नव्हता होय?" सरूबाई म्हणाल्या.

"एक्कावन्न वर्षं शोधला."

सरूबाईंनी पाण्याचा ग्लास घेतला आणि पहिली गोळी गिळली. मग संध्याकाळच्या वरणातलं मीठ कमी केलं, आणि बुद्धरत्नांनी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं तेव्हा त्या पांढऱ्या टॅगकडे नुसतं बोट दाखवलं.