नाडीखालचा डाग

परकराची नाडी जिथे बसायची, तिथे सरस्वतीबाईंच्या कमरेवर बोटभर रुंद खाच पडली होती. उभ्या जन्माची नाडी एकाच जागी आवळलेली, गाठ नेहमी डावीकडे. त्या गाठीखाली रुपयाएवढा डाग होता. कडा तांबूस, मधे काळपट, वर कोंड्यासारखे पापुद्रे.

सासूबाईंचा हात मोडून प्लास्टरमध्ये गेला नसता तर तो तेजस्विनीला कधीच दिसला नसता. नाडी सुनेनं बांधायची वेळ आली होती, आणि ते दोघींनाही आवडलं नव्हतं.

पार्से गावी काजू भाजणाऱ्या घरात कातडीवर काळं काही दिसलं, की टरफलाचं तेल उडालं असंच सगळे धरून चालतात. सरस्वतीबाईंनी तर ते तेल हातानं लावलं होतं. पायांच्या भेगांना चालतं, मग नाडीच्या खाजेला का चालणार नाही? कातडी भाजून काळी पडली. गावच्या डॉक्टरनं भाजल्याचं मलम दिलं आणि डाग त्या मलमाखाली खुशाल वाढत राहिला.

तेजस्विनी डिचोलीच्या एका खासगी हॉस्पिटलात कोडिंग करायची. डॉक्टरांचं निदान वाचायचं आणि त्याला ठरलेला क्रमांक द्यायचा, हे तिचं काम. तिनं भांडून सासूबाईंना तिथे नेलं आणि तुकडा तपासायला लावला. अहवाल तिच्याच टेबलावर आला. कर्करोगाच्या पेशी होत्या, पण कातडीच्या वरच्या थरातच. खालचा पडदा शाबूत होता. तिनं डी शून्य चार पॉइंट पाच घातला. म्हणजे धडावरच्या कातडीचा, जागचा न हललेला कर्करोग. पडदा फाटला असता तर 'सी' लागला असता. 'डी' आहे तोवर डाग आणि भोवतीची थोडी कातडी कापली की बहुधा मिटतं. थांबलं, तर 'डी'चा 'सी' कधी होईल ते कोणी सांगू शकत नाही.

सरस्वतीबाई थांबल्या. आधी काजू संपूंदेत, मग गणपतीची चवथ जाऊंदे. सुरी लागली की हा रोग पसरतो, शेजारच्या जानकीला कापलं म्हणून ती मेली, हे त्यांचं पक्कं होतं. जानकीनं डॉक्टर गाठला तेव्हाच रोग आत पोचला होता, असं सांगितलं की उत्तर ठरलेलं, "तू होतंस काय बघूक?"

पुढे तेही बोलणं तुटलं. सुनेच्या ताटलीत कालचे शिळे उंडे पाव येऊ लागले. डॉक्टरनं नाडी सैल बांधायला सांगितली होती. हात बरा झाल्यावर सासूबाई ती पूर्वीपेक्षा घट्ट आवळू लागल्या, तेजस्विनी बघत असेल तेव्हा तर मुद्दाम.

चवथ झाली, आणि एका दुपारी गौरेशनं, तेजस्विनीच्या नवऱ्यानं, विषय काढला. गावात कळलं तर आईनं सोललेले गर कोणी घेणार नाही, असं त्याला वाटत होतं. "साधी जखम म्हणून घाल. तुझ्याच हातात आहे मगे."

जखम लिहिली की फाइल बंद होते, तिनं सांगितलं. कापायला मंजुरी मिळत नाही, पुन्हा तपासणीला कोणी बोलावत नाही.

"एक आकडा बदलला तर आभाळ कोसळणार नाही. आई आहे माझी ती."

"म्हणूनच बदलणार नाही."

तुला माणूस नको, आकडेच हवेत, असं तो म्हणाला, आणि तिच्या माहेरावरही घसरला. उघड्या जनेलाशी उजेडाला बसून सरस्वतीबाई भाजलेल्या काजूगरांची साल काढत होत्या. तेजस्विनी त्यांच्यासमोर बसली आणि सुपातला एक डागाळलेला गर उचलला. "आई, तुमचा डाग अजून सालीवर आहे. गरात उतरलेला नाही."

"आता घाटावरची माका काजू शिकवतली."

गौरेश हसला. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या हातातून गर घेतला, अंगठ्यानं साल काढली, गर बघितला आणि सुपात टाकला.

"गौरेशान सांगल्यान तरीय बदलूक नाय?"

"नाही."

"तो रडलो असतो तरी?"

"तरी नाही."

सरस्वतीबाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत माया नव्हती, पूर्वीही कधी नव्हती. "तू माका बरा वाटूचा म्हणान आजून एक शब्द बोलूक नाय," त्या म्हणाल्या. "नवी नवरी होतंस, तेव्हा पण माझी भाजी खारट म्हणालंस."

"खारट होती."

"होती," सासूबाई म्हणाल्या. मांडीवरची सालं झटकून त्या उठल्या, पदराखाली हात घालून नाडीची गाठ सोडली, आणि लेकाकडे वळल्या.

"सोमवारी माझो उपास. मंगळवारी कापूंदेत. तू येव नको. हिका येवंदे."