दादीच्या वाटणीची फळं

हसनमियांना राग आला की ते आधी काम उरकून मोकळे व्हायचे आणि विचार मागाहून करायचे. नातीच्या ओठांवर लाल रस दिसला, तसा त्यांनी कोयता घेतला आणि परसातलं ते पुरुषभर उंचीचं झाड बुंध्यापाशी तोडलं. दारात घंटागाडी उभीच होती, तिच्यात फांद्या कोंबल्या. गाडी वळली आणि चार वर्षांची तसनीम भडाभडा ओकली.

आता महाडच्या त्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर पहिलं हेच विचारत होते. "कसली फळं? फांदी आणलीत का झाडाची?"

हसनमियांनी खाली आपल्या चपलांकडे पाहिलं. मग स्कूटरची किल्ली काढली आणि घंटागाडी शोधायला पळाले.

त्यांच्या बायकोला, मासूमाला, बसवेना. बाकावर टेकायची, लगेच उठायची, नातीच्या कपाळाला हात लावायची, पुन्हा दारात जायची. ते झाड राखलं होतं तिनंच. पुराचा गाळ उपसला त्या कोपऱ्यात ते आपसूक उगवलं. दोन वर्षांत पांढरी फुलं, मग लाल फळं. बाजारात रानमेवा विकणाऱ्या पोलादपूरच्या राहीबाईला तिनं मुद्दाम घरी आणून ते दाखवलं होतं. "आमच्या डोंगरात असलं काय नाय गो," राहीबाई म्हणाली होती. तेव्हाच तोडायला हवं होतं. पण फळांवर बुलबुल यायचे आणि मासूमाला ते बघत बसायला आवडायचं. बस, एवढ्यासाठी! तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली. "का खाल्लीस गं बाळा?"

"पक्षी खातात ते आपण खायचं," तसनीम शहाण्यासारखी म्हणाली. "दादीनं सांगितलं."

"पक्ष्यांना पचतं ते माणसाला पचेलच असं नाही," डॉक्टर म्हणाले.

सून आलिमानं मान वळवून सासूकडे पाहिलं. चार शब्द बोलली असती तर मासूमाला सोसलं असतं. खरंच सांगितलं होतं तिनं. उन्हाळ्यात तसनीमला घेऊन नाते गावी माहेरी गेली होती, तेव्हा करवंदीच्या जाळीपाशी उभी राहून, चांगली ऐटीत. आलिमाचा नवरा अकिब दोहाला नोकरीत. त्याला फोन करून काय सांगायचं, हे अजून कुणालाच ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात तसनीमनं फ्रॉकच्या खिशात हात घातला. चार फळं निघाली, दबलेली, लालभडक. "ही दादीची," ती म्हणाली. "मी नाय खाल्ली."

डॉक्टर हात पुढे करताहेत तोवर मासूमानं एक उचललं, तोंडात टाकलं आणि गिळलं. गोड होतं, आत रवाळ बिया.

"अहो आजी! तपासायला तरी ठेवा!" डॉक्टर ओरडले.

त्या आवाजानं सिस्टर सारिका धावत आली. तिनं उरलेल्यातलं एक फोडून वास घेतला. "पानं चिकट, लव असलेली? फूल पांढरं?" मासूमानं मान डोलावली. "सर, सिंगापूर चेरी वाटते. आमच्या शाळेमागं होतं झाड. मधल्या सुट्टीत आम्ही हीच खायचो."

डॉक्टरांनी मोबाईलवर फोटो शोधून फळ शेजारी धरलं. तेवढ्यात हसनमियाँ आले. शर्टाला कांद्याची सालं चिकटलेली, धाप लागलेली, हातात मलूल फांदी. डॉक्टरांनी पान चोळलं, फूल उलटंपालटं केलं, फोटोशी पुन्हा ताडून पाहिलं. "तीच आहे. विषारी नाही. ओंजळभर खाल्ली म्हणून उलटी झाली असणार. तरी संध्याकाळपर्यंत थांबा."

हसनमियाँ जमिनीवरच बसले आणि सगळ्यांदेखत रडले. मासूमा बाकावर पहिल्यांदा नीट टेकली. आलिमा तिच्या शेजारी येऊन बसली.

"अम्मी, काय हाय ते ठाऊक नव्हतं ना तुम्हाला?"

"नाय."

"मग खाल्लंत कशाला?"

मासूमानं पलंगाकडे पाहिलं. तसनीम आजोबांच्या शर्टावरची सालं मोजत होती.

"एकटीला कशी सोडायची गो तिला?" ती म्हणाली.